गळ, काठी आणि रीळ



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांच्या कपाळास आठी पडली असेल. गळ टाकून मासे धरण्याची काठी आणि तिला लावावयाचें रीळ हा काय इतिहासाचा विषय झाला, असें कोणी विचारील. आणि ज्यांच्या घरीं मासा शिजत नाहीं तीं मंडळी म्हणतील कीं, ह्या म्हाताऱ्या मास्तरास दुसरें कांहींच सुचलें नाहीं. दोन्ही आक्षेप ऐकून घेऊन मी पुढें जातों. मासा शिजविण्याशीं आज आपल्याला कर्तव्य नाहीं. आपल्याला पाहावयाचें आहे तें एक लहानसें यंत्र. त्याची गंमत अशी कीं, ज्या कोळ्यांचा जन्म पाण्यावर गेला त्यांनीं तें आजच्या रूपास आणलें नाहीं. तें घडविलें घड्याळजींनीं, लोकर कांतणाऱ्या गिरणीवाल्यांनीं आणि शेवटीं सायकलीचे भाग करणाऱ्या कारखानदारांनीं. हें कसें घडलें तें कळल्यावांचून काठी आणि रीळ यांची निवड कशी करावी हें कळत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

ह्या विषयाकडे मी वळलों तो एका पत्रामुळें. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मिनेसोटा प्रांतीं राहतो. तो प्रांत तळ्यांचा. तेथें वॉलआय नांवाच्या माशाचें फार कौतुक. इतकें कीं १९६५ सालीं तेथील कायदेमंडळानें त्याला प्रांताचा मासा म्हणून मान दिला. मी लहानपणापासून पवनेच्या कांठीं गळ घेऊन बसणारा, हें माझ्या विद्यार्थ्याला ठाऊक. त्यानें विचारलें कीं, गुरुजी, जिग लावून वॉलआय धरावयाचा तर काठी कोणती घ्यावी आणि रीळ कोणतें? दुकानांत शंभर तऱ्हा मांडलेल्या आहेत आणि दुकानदार सर्वांत महाग तें सर्वांत चांगलें असें सांगतो.

वॉलआय हा मासा आपल्या देशांत नाहीं, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे अंधारांत चकाकतात, कारण डोळ्याच्या आंत, पडद्याच्या मागें, प्रकाश परत फिरविणारा एक थर असतो. त्यामुळें तिन्हीसांजेस, पहांटे आणि गढूळ पाण्यांत, जेव्हां इतर माशांस नीट दिसत नाहीं, तेव्हां तो आपली शिकार साधतो. राहतो बहुधा तळाजवळ. त्याला धरण्याची जी जिग, ती म्हणजे दांडीवर शिशाचें लहानसें डोकें ओतलेला गळ. गळावर एखादा बारीक मासा किंवा रबराचें शेपूट लावतात. ती तळाला टेकूं द्यावयाची, वीतभर उचलावयाची आणि पुन्हां पडूं द्यावयाची. मासा ती बहुतेक वेळां पडत असतांना घेतो, आणि तीहि इतक्या हळुवारपणें कीं हिसका असा बसतच नाहीं. दोर किंचित् सैल पडला एवढेंच समजतें. अशा जिगेचें वजन साडेतीन ग्रॅमपासून दहा ग्रॅमपर्यंत, म्हणजे आपल्या खिशांतल्या एकदोन नाण्यांएवढें. एवढीशी वस्तु साठ-सत्तर फूट दूर फेकावयाची, आणि तेथून तिची खालची हालचाल बोटाला कळली पाहिजे. आजच्या रिळाची आणि काठीची सगळी घडण ह्याच गरजेभोंवतीं झालेली आहे.

आतां मागें जाऊं. आपल्या भागांत गळाच्या छंदाचा विचार ग्रंथांत केलेला पाहावयाचा असेल तर कल्याणीच्या चालुक्यांकडे जावें लागतें. कल्याणी म्हणजे आजचें बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. तेथला राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्यानें सन ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकांना हा ग्रंथ ओळखीचा आहे तो ओवीमुळें. महाराष्ट्रांतील बायका कांडण करतांना ओव्या गातात असा उल्लेख त्यांत आला आहे, आणि मराठीच्या इतिहासकारांनीं तो उचलून धरला. पण त्याच ग्रंथांत राजाच्या करमणुकी सांगतांना 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण येतें, त्याकडे आपण फारसें वळलों नाहीं. समुद्रांतले मासे व नदींतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व मोठे असे भेद त्यांत केले आहेत. कोणत्या जातीला कोणतें खाद्य घालावें हें सांगितलें आहे. आणि दोर, काठी व गळ यांचाहि विचार आहे. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत ह्या प्रकरणाची ओळख करून दिली. राजा जातीनें पाण्याच्या कांठीं उभा राहून हा खेळ खेळे कीं पंडितांकडून ऐकून लिही, हा प्रश्न बाजूस ठेवूं. परंतु माशाची जात पाहून त्याचें खाद्य ठरवावें ही दृष्टि ज्या ग्रंथांत आहे त्यामागें पाण्याशीं ओळख असलेला कोणी तरी उभा आहे, यांत मला संशय वाटत नाहीं.

रिळाचा जुना पुरावा मात्र चीनमध्यें सांपडतो, आणि तोहि त्याच शतकाच्या अखेरीचा. मा युआन नांवाच्या चित्रकाराचें सन ११९५ च्या सुमाराचें एक चित्र सध्यां टोकिओच्या संग्रहालयांत आहे. हिवाळ्यांतलें विस्तीर्ण तळें, त्यांत एकच लहान नाव, नावेंत वांकून बसलेला मनुष्य, आणि त्याच्या काठीवर एक लहानसें चक्र. रिळाचें याहून जुनें चित्र उपलब्ध नाहीं असें जाणते सांगतात. इंग्लंडांत ही कल्पना फार उशीरा दिसते. १६५१ सालीं टॉमस बार्कर ह्या गृहस्थानें गळाच्या कलेवर एक पुस्तक काढलें. काठीच्या खालच्या टोकापासून दोन फुटांवर भोंक पाडून तेथें दोर गुंडाळावयाचें चक्र बसविल्याचें वर्णन त्यांत आहे.

चक्र नसलें म्हणजे काय होतें, हें ज्यांनीं लहानपणीं गळ टाकला त्यांना सांगावयास नको. आम्ही बांबूचा शेंडा तोडीत असूं, त्याला काठीएवढाच दोर बांधीत असूं, ज्वारीच्या ताटांतल्या गराचा तुकडा तरंग म्हणून अडकवीत असूं आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसत असूं. ही युक्ति लहान माशापुरती उत्तम. मोठा मासा लागला कीं दोन गोष्टींपैकीं एक घडे. दोर तुटे, किंवा काठी हातांतून जाई. काठीच्या लांबीपेक्षां जास्त दोर द्यावयास जवळ नसे, आणि मासा तर दोर मागे. पतंग उडविणाऱ्या मुलास हें ताबडतोब पटेल. ढील देण्यास मांजा शिल्लक नसला तर पतंग काटला जावयाचा.

काठीच्या बाबतींत आपला देश मागें नव्हता. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत आणि विलायतेंत बांबूच्या पट्ट्या तासून, त्या एकमेकींस चिकटवून सहा कोनांची काठी करण्याची कला निघाली. पेनसिल्व्हानियांतील ईस्टन गांवच्या सॅम्युएल फिलिप ह्या कारागिरास १८४० च्या दशकांतील ह्या कामाचें श्रेय देतात. ह्या काठ्यांचा बांबू कोठून जाई? तर कलकत्त्याहून. 'कलकत्ता केन' ह्या नांवानेंच तो व्यापाऱ्यांत ओळखला जाई. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभास चीनमधील टोंकिन बांबूनें त्याला मागें टाकलें. म्हणजे इकडचा वेळू जहाजानें तिकडे जावा, तेथें त्याची नाजूक काठी व्हावी आणि ती साहेबाच्या सामानांतून दामदुपटीनें परत हिंदुस्थानांत यावी, असा हा प्रकार. कापसाचें आणि कापडाचें जें झालें तेंच येथें लहान प्रमाणावर झालें.

आतां दख्खनकडे येऊं. कर्नल विल्यम साइक्स ह्या अधिकाऱ्याचें नांव आपण जुन्या पुण्याच्या माहितींत ऐकलें असेल; मुंबई सरकारसाठीं दख्खनची आंकडेवारी गोळा करण्याचें काम त्याच्याकडे होतें. त्या फिरतींत त्यानें येथल्या नद्यांतले मासे पाहिले आणि १८३८ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें त्यांवर निबंध वाचला. माशांना शास्त्रीय नांवें देतांना त्यानें लोकांच्या तोंडचीं नांवें लॅटिन पोशाख घालून तशींच उभीं केलीं; कोलस, बोगट, नुक्टा, मुसुल्ला, खुद्री. ह्यांतला खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. त्याचा नमुना साइक्सला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पाण्यांत. आमच्या कासारवाडीच्या अंगावरून जाणारी पवना दापोडीजवळ मुळेस मिळते आणि मुळा पुढें संगमावर मुठेस मिळते. तेव्हां जगांतल्या मत्स्यशास्त्रज्ञांना ज्या पाण्यानें खुद्री दिला त्यांत आमच्या पवनेचाहि वांटा होता, असें मीं वर्गांत नेहमीं सांगत असें. भूगोलाच्या तासास मुलें जरा जागीं होत.

ह्या महसीरनें साहेबांस वेड लावलें. हेन्री सलिव्हन टॉमस हा मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी. त्यानें १८७३ सालीं मंगळूरास 'हिंदुस्थानांतील काठी' अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक छापलें. विलायतेंत सामन माशाचा जो मान, त्याहून आकाराच्या मानानें महसीर अधिक झुंज देतो, असें त्याचें ठाम मत. महसीरच्या जबड्यांत दांत नाहींत, ते घशांत आहेत. पण तोंडाची पकड इतकी जबर कीं हलका गळ तो चिरडून टाकतो. गळ लागला कीं पहिली धांव तो अशी घेतो कीं क्षणांत शेंकडों फूट दोर निघून जातो. अशा माशापुढें रीळ ही चैन नसून गरजच. शिवाय एक सोय होती. महसीरला टाकावयाचें आमिष जड असे. पितळेचा चमचा, किंवा शिसें भरलेला मेलेला मासा. जड वस्तु आपल्या वजनानें रीळ फिरवून दोर ओढून नेई.

हलकी वस्तु तें करूं शकत नाहीं, आणि खरी अडचण येथेंच होती. जुनें रीळ म्हणजे आडव्या आंसावर फिरणारें चक्र. काठी झटकून आमिष फेकलें कीं त्यानें प्रथम स्थिर चक्रास गति द्यावयाची आणि मग पुढें जावयाचें. आमिष पांच ग्रॅमचें असेल तर त्याची सारी शक्ति चक्र हलविण्यांतच संपे आणि तें पायांशीं पडे. उलट, जड आमिषानें चक्राला एकदां वेग दिला कीं निराळें संकट उभें राही. आमिष पाण्यावर पडून थांबलें तरी चक्र फिरतच राही, आणि सुटलेल्या दोराचें पाखराच्या घरट्यासारखें गुंतवळ होई. संक्रांतीला फिरकी धरणाऱ्या मुलाला हें शिकवावें लागत नाहीं. पतंगवाल्यानें ओढ थांबविली आणि फिरकीवाल्याचा हात बेसावध राहिला कीं मांजाचा गुंता ठरलेला.

ह्या दोन संकटांवर नाना उपाय झाले. अमेरिकेंत केंटकी प्रांतांतील जॉर्ज स्नायडर ह्या घड्याळजीनें १८२० च्या सुमारास, मूठ एकदां फिरविली असतां चक्राचे अनेक फेरे व्हावेत असें दातेरी रीळ केलें. इंग्लंडांत नॉटिंगहॅम ह्या जाळीच्या कापडाच्या गांवीं लाकडाचें अत्यंत हलकें व सैल फिरणारें चक्र प्रचारांत आलें. हे दोन्ही उपाय चक्राला अधिक चांगलें फिरविण्याचे होते. चक्राला मुळींच फिरवूं नये, हा विचार प्रथम स्कॉटलंडांतील पर्थ गांवच्या पीटर मॅलॉक ह्यानें अंमलांत आणला. १८८४ सालच्या त्याच्या रिळांत फेकतांना चक्र काटकोनांत वळवितां येई. मग दोर चक्राच्या कडेवरून वेटोळ्यांनीं निसटून जाई आणि चक्र स्थिर राही. दोर परत गुंडाळतांना चक्र पुन्हां पहिल्या जागीं आणावें लागे. ह्यांत दोराला पीळ पडे, हा मोठा दोष. पण विचार बरोबर होता.

तो विचार पूर्णत्वास नेणारा मनुष्य ब्रॅडफर्डचा. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ ह्याच्या घराण्याच्या लोकर कांतण्याच्या गिरण्या होत्या. कांडीवरून सूत कसें निघतें आणि कांडीवर सूत कसें चढतें, हें ज्याच्या रोज डोळ्यांपुढें, त्याला ही युक्ति सुचली यांत आश्चर्य कसलें? आपल्याकडे मागावर ज्यांनीं काम पाहिलें आहे त्यांनीं गिरणीचा धोटा आठवावा. धोट्यांत कांडी घट्ट बसविलेली असते; ती फिरत नाहीं. धोटा ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धांवतो आणि सूत कांडीच्या टोकावरून आपोआप उलगडत जातें. धोटा थांबला कीं सूतहि थांबतें, कारण फिरत राहणारें असें तेथें कांहींच नाहीं. इलिंगवर्थनें १९०५ सालीं पेटंट घेतलेलें रीळ हें असेंच. त्याचें चक्र काठीच्या दिशेनें तोंड करून कायमचें स्थिर. दोर फेकतांना त्याच्या पुढच्या कडेवरून सुटतो आणि मूठ फिरविली कीं एक हात चक्राभोंवतीं फिरून दोर पुन्हां गुंडाळतो. इंग्रजींत ह्या प्रकारच्या मासेमारीस 'स्पिनिंग' म्हणतात. तो शब्द पाण्यांत गरगर फिरणाऱ्या आमिषावरून आला आहे; परंतु त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सूत कांतणें असाहि होतो. हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

ह्या रिळानें हलक्या आमिषाला मोकळीक मिळाली. जिगेचा जो खेळ आज मिनेसोटाच्या तळ्यांवर चालतो, तो इलिंगवर्थच्या कल्पनेवांचून ह्या रूपांत दिसता ना.

पुढची कथा घड्याळजींची. दातेरी चक्रें बारीक कापणें हें त्यांचेंच काम. फ्रान्सच्या डोंगराळ भागांतील क्लूझ हें गांव घड्याळांच्या भागांबद्दल प्रसिद्ध. तेथल्या कारखान्यानें १९४८ सालीं 'मिचेल' नांवाचें रीळ बाजारांत आणलें आणि तें जगभर पसरलें. स्वीडनची 'आबू' ही कंपनी १९२१ सालीं घड्याळांसाठीं निघाली. पुढें भाड्याच्या मोटारींचीं मीटरें करूं लागली, आणि दुसऱ्या महायुद्धांत तो धंदा बसल्यावर रिळांकडे वळली. जपानची 'शिमानो' ही त्याच १९२१ सालीं सायकलीच्या मागच्या चाकाचें फ्रीव्हील करण्यासाठीं निघालेली. १९७० पासून ती रिळें करूं लागली. सायकलीचें फ्रीव्हील एका दिशेनें फिरतें आणि उलट दिशेनें अडतें. रिळाची मूठ उलटी फिरूं नये म्हणून हाच गुण पाहिजे असतो.

दोराचा इतिहास थोडक्यांत आटोपतों. पूर्वीं रेशमाचा विणलेला दोर आणि पुढें रेशमाच्या किड्याच्या रेशीम-ग्रंथींपासून काढलेली पारदर्शक तांत, असा थाट असे. रोज वाळवावा लागे, नाहींतर कुजे. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें आणि एकजीव, गुळगुळीत, स्वस्त दोर मिळूं लागला. स्थिर चक्राच्या रिळाचा खरा प्रसार झाला तो ह्यानंतर. काठीचेंहि तसेंच, बांबूच्या जागीं दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतु आले आणि १९७० च्या दशकांत कार्बनतंतु. कार्बनची काठी बांबूच्या निम्म्याहून हलकी आणि ताठ. हौशी लोक अजूनहि बांबूच्या काठीसाठीं हळहळतात. तळाशीं मासा कुजबुजतो ती कुजबूज हाताला ऐकूं यावयाची असेल तर कार्बनला तोड नाहीं, हें माझें मत.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. त्याला मीं लिहिलें कीं, बाबा, माशाचें वजन विसर आणि जिगेचें वजन धर. साडेतीन ते दहा ग्रॅमच्या जिगेस सव्वासहा ते पावणेसात फुटांची कार्बनची काठी पुरे. तिचा जोर मध्यमाहून किंचित् कमी असावा, पण लवण शेंड्यापाशींच असावी. खालची दोन तृतीयांश काठी ताठ राहिली म्हणजे मासा जिग उचलतांच गळ ओढून बसवितां येतो. सर्व काठी कमानीसारखी वांकत असेल तर ती दुसऱ्या कामाची. काठीच्या कड्या पाहाव्यात. स्थिर चक्रावरून दोर वेटोळ्यांनीं सुटतो, म्हणून मुठीजवळची कडी मोठी असते आणि शेंड्याकडे त्या लहान होत जातात, जणुं नरसाळेंच. जुन्या, फिरत्या चक्राच्या काठीच्या कड्या मुळापासूनच लहान असतात. तीवर हें रीळ लावल्यास दोर पहिल्याच कडीस अडखळतो. म्हणजे रीळ बदललें तेव्हां काठीलाहि बदलावें लागलें, आणि दोन्ही मिळून एक जोडी म्हणूनच घ्यावयाचीं.

रीळ लहान घ्यावें. कारखानदार आंकड्यांनीं आकार सांगतात, त्यांत एक हजारापासून अडीच हजारापर्यंत. काठीला लावून मुठीजवळ एका बोटावर तोल पाहावा; शेंडा जड होऊन खालीं झुकत असेल तर संध्याकाळपर्यंत मनगट दुखेल. पेटीवर दहा-दहा बेअरिंगें असल्याची जाहिरात असते, तिला भुलूं नये. आमच्या चिंचवडकडे, जेथें बेअरिंगें आणि दातेरी चक्रें करण्यांत माणसांचे जन्म गेले आहेत, तेथल्या कोणाहि कामगारानें रिळाची मूठ हातीं धरतांच पाहिल्या असत्या त्या दोनच गोष्टी पाहाव्यात. मूठ पुढेंमागें हलवितांना खडखड आहे काय, आणि सावकाश फिरवितांना दांते बोटाला जाणवतात काय. आमच्या गांवाच्या नांवांत कासार आहे. पितळेच्या भांड्याचा कस नादावर पारखणारी ती जात. बेअरिंगांची संख्या ऐकून कासार हंसला असता.

दोर सहा ते आठ पौंड ताण सोसणारा नायलॉनचा, किंवा त्याहून बारीक विणलेला दोर लावून पुढें हातभर पारदर्शक दोर जोडलेला. चक्रावर तो कांठाच्या तीन-एक मिलिमीटर आंत राहील इतका भरावा. कमी भरला तर सुटतांना कांठाला घासून अंतर घटतें. जास्त भरला तर वेटोळीं एकदम गळून पडतात.

हें झालें मिनेसोटाचें. येथें काय? पवनेच्या आमच्या पात्रांत आज उन्हाळ्यांत जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला असतो आणि खालीं सांडपाणी. त्यांत गळ टाकण्याची इच्छा होत नाहीं. खुद्री पाहावयाचा तर वर मावळांत जावें लागतें. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्यांवर १९७०-७१ च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनीं खुद्रीचीं अंडीं कृत्रिम रीतीनें फळविण्याचे प्रयोग केले आणि पुढें वळवणच्या मत्स्यबीज केंद्रांतून लक्षावधि पिलें देशभर गेलीं. मरूं घातलेला मासा वांचविण्याचें हें काम मोठें, यांत वाद नाहीं. परंतु त्याची एक दुसरी बाजू अलीकडे उघडी झाली. हीं पिलें कावेरींतहि सोडलीं गेलीं. कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा, पाठीस कुबड असलेला आणि सर्वांत मोठा. म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनीं १९४६ सालीं कबिनी नदींत १२० पौंडांचा जो मासा धरला तो ह्याच जातीचा. खुद्री तेथें वाढत गेला आणि कुबडा महसीर घटत गेला. २०१८ सालीं त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली.

आणि हें कळलें कशावरून, तर गळकऱ्यांच्या वह्यांवरून. कावेरीकांठच्या छावण्यांत मासा धरून, मोजून, परत पाण्यांत सोडण्याची पद्धति होती. कोणत्या दिवशीं कोणता मासा किती वजनाचा लागला हें वहींत लिहीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या ह्या नोंदी संशोधकांनीं जुळविल्या, आणि दोन जातींच्या वाटा कशा फांकल्या तें २०१५ सालीं छापून आलें. ज्या छंदाला आपण रिकामटेकड्यांचा म्हणतों, त्याच्या हिशेबाच्या वहीनें हें काम केलें. माझ्या विद्यार्थ्यालाहि मीं काठीबरोबर एक वही घ्यावयास लिहिलें आहे.

येथें कोणास मावळच्या एखाद्या तळ्यावर गळ टाकावयाचा झाल्यास तळें कोणाच्या मालकीचें आणि मासेमारीचा मक्ता कोणत्या सोसायटीकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी. काठी मिनेसोटाची चालणार नाहीं. खुद्रीसाठीं आठ-नऊ फुटांची, जोराची, आणि रीळ निदान दुप्पट आकाराचें, दीड-दोनशें मीटर दोर मावेल असें. गळाचा उलटा काटा चिमट्यानें दाबून टाकावा, म्हणजे मासा सोडतांना त्याचा ओंठ फाटत नाहीं. रिळाची ढील दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट्ट नसावी. खुद्री पहिली धांव घेईल तेव्हां त्याला दोर नेऊं द्यावा आणि त्या वेळीं मूठ फिरविण्याचा मोह आवरावा. चक्र स्थिर आहे. मासा दोर ओढीत असतां मूठ फिरविली तर एकहि बोटभर दोर आंत येत नाहीं, प्रत्येक फेऱ्यास दोराला पीळ मात्र बसतो, आणि तो पीळ पुढच्या फेकीच्या वेळीं गुंता होऊन बाहेर पडतो.